विमानाची काच आणि दाजींचं 'साकु'

निपाणीहून रामपायली म्हणजे एका टोकाहून दुसरं टोक. कोल्हापुरात महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची, पुणे, मनमाड, भुसावळ, नागपूर करत अख्खं राज्य ओलांडायचं, दुसऱ्या दिवशी गोंदियाला उतरायचं आणि तिथून बसनं मध्य प्रदेशात शिरायचं. बालाघाट जिल्ह्यातलं, चंदन नदीच्या काठचं हे गाव रामाच्या देवळासाठी ओळखलं जातं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तिथं दिलेली. एवढ्या लांब कशी दिली, असं लोक अजून विचारतात. दाजी हवाई दलात होते. नोकरीच्या सुरुवातीला ते आमच्या बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या तळावर होते, तेव्हा सोयरीक जुळली. निवृत्तीआधीची वर्षं त्यांनी बीदरला काढली आणि मग कायमचे आपल्या गावी गेले. रामपायलीत आजूबाजूला हिंदी, पोवारी आणि त्यांची वऱ्हाडी वळणाची मराठी. पण अक्का-दाजी आपसात भांडतात ते अजून कानडीत. नातवंडांना कळू नये म्हणून!

२०२५ च्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा गाडीत पूर्ण वेळ मांडीवर मिठाईचा एक खोका धरून बसलो होतो. शेजारच्या प्रवाशाला वाटलं, कुंदा असणार. खोक्यात कापसात गुंडाळलेलं मिग-२१ होतं.

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर मला विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडायचा नाद लागला. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडायचे, रंगवायचे आणि शेवटी विमान वापरलेलं दिसावं म्हणून त्यावर काजळी, तेलाचे ओघळ, उडालेल्या रंगाच्या खुणा काढायच्या. या शेवटच्या कामाला वेदरिंग म्हणतात. कोरं करकरीत विमान खेळण्यासारखं दिसतं, वेदरिंग केलं की त्यात जीव येतो. दाजींनी नोकरीतला मोठा काळ मिग-२१ वर काम केलेलं. हे विमान १९६३ पासून आपल्या हवाई दलात होतं, त्यातली पुष्कळशी आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झाली आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप देण्यात आला. तो सोहळा दाजींनी टीव्हीवर जवळजवळ ऐकूनच पाहिला, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं अक्का फोनवर म्हणाली. म्हणून मी ही भेट घेऊन निघालो होतो.

'हे चौकातलं विमान आहे'

प्रतिकृती १/७२ मापाची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याची. सगळं विमान वीतभर आणि वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक कॅनॉपी चिंचोक्याएवढी. त्या चिंचोक्यावर मी तीन आठवडे घालवले होते. एका शहरात चौकात चबुतऱ्यावर ठेवलेलं मिग-२१ मी मुद्दाम जाऊन पाहिलं, फोटो काढले. त्याची काच पिवळट झालेली, धुरकटलेली, कडांना धुळीचे थर. तसंच्या तसं उतरवलं. काचेवर पातळ पिवळा हात दिला, मंद वार्निश फिरवलं, कोपऱ्यांत खडूची पूड बसवली. जमलं म्हणून स्वतःवर खूशही होतो.

दाजींनी विमान खिडकीपाशी नेलं. अक्काचं पोथी वाचायचं भिंग मागवून घेतलं. मोतीबिंदूमुळे ते मान तिरकी करून, कडेनं पाहतात. शेपटी पाहिली, पंख पाहिले, चाकांजवळचे तेलाचे डाग पाहून हसले. मग काचेपाशी थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हे उडत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हे चौकातलं आहे. याला कोणी पुसत नाही."

मी गप्प बसलो. त्यांनी विमान अलगद टेबलावर ठेवलं. "एवढं काम केलंस, पण तुला कोणी साकु म्हणायला नव्हतं वाटतं."

आपल्याकडे साकु म्हणजे काय हे सांगायला नको. पुरे! पंगतीत पानावर हात आडवा धरून म्हणतात ते साकु. राग आला होता, खोटं कशाला सांगू. तीन आठवड्यांची मेहनत आणि तेराशे किलोमीटर मांडीवर सांभाळलेला खोका. अक्कानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कानडीत दाजींना दोन शब्द सुनावले. पण दाजी आपल्या म्हणण्यावर ठाम. पुढचे चार दिवस सकाळच्या चहानंतर ते मला समजावत राहिले आणि माझा राग हळूहळू उतरला.

तिळाएवढा डाग

लढाऊ विमानाची ही 'काच' खरी काच नसतेच. समोरचा जाड भाग सोडला तर बाकी सगळं ॲक्रिलिक प्लॅस्टिक. १९३० च्या दशकात ते पर्स्पेक्स, प्लेक्सिग्लास अशा नावांनी बाजारात आलं. हलकं, हव्या त्या आकारात वाकवता येणारं आणि साध्या काचेपेक्षाही किंचित जास्त उजेड आत सोडणारं. दोष एकच. ते मऊ असतं. कोरड्या फडक्यानं पुसलं तर फडक्यातली धूळच त्यावर ओरखडे काढते. शिवाय घासल्यानं त्यात स्थिर वीज भरते आणि ते आणखी धूळ ओढून घेतं. पेट्रोल, थिनर लागलं तर आतून बारीक भेगांचं जाळं पसरतं. एरवी ते दिसत नाही, पण ऊन समोरून आलं की सगळं जाळं एकदम पेटल्यासारखं चमकतं.

म्हणून पुसायची रीत ठरलेली. आधी हातातलं घड्याळ, अंगठी काढायची. मग भरपूर पाणी, धूळ वाहून जाईपर्यंत. मग ओल्या तळहातानं चाचपायचं, कुठं खडा तर राहिला नाही ना. मग मऊ सुती कापड, तेही सरळ रेषेत. गोल गोल पुसलं की गोल ओरखडे पडतात आणि सूर्य कुठूनही आला तरी चमकतात. उड्डाण नसेल तेव्हा वर जाड कापडी आच्छादन. हे रोज.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. दिवसातून चारदा उडालं तर चारदा."

त्यामागचं कारण त्यांनी सांगितलं ते मी विसरणार नाही. दोन विमानं एकमेकांवर आदळण्याच्या वाटेवर असतात, तेव्हा समोरचं विमान काचेवर सरकताना दिसत नाही. एकाच जागी राहतं आणि फक्त मोठं होत जातं. तेही अगदी शेवटच्या क्षणांत भराभर. म्हणजे तोवर ते काचेवर चिकटलेल्या चिलटासारखंच दिसतं. डाग आणि विमान यांत फरक करायचा तर काचेवर डागच नसला पाहिजे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. एकदा विमान उतरलं, वैमानिक खाली आला आणि एक शब्द न बोलता त्यानं दाजींना वर चढून त्याच्या जागी बसायला सांगितलं. "समोर डावीकडं बघ. काय दिसतं?" काचेवर तिळाएवढा डाग होता. पुसायचा राहून गेलेला. "हे विमान आहे की डाग, हे मला वर कळायला तीन सेकंद लागले," एवढंच बोलून तो निघून गेला. ना तक्रार, ना शिक्षा. दाजी म्हणाले, "त्यापेक्षा त्यानं कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं." इतकी वर्षं झाली, सांगताना त्यांचा हात अजून हवेत काच पुसल्यासारखा वरून खाली फिरतो.

मग मला माझी चूक कळली. मी विमान जुनं दाखवायला निघालो होतो आणि दाखवलं होतं ते बेवारस. सेवेतल्या विमानाचं बाकी अंग मळतं, काळं पडतं, रंग उडतो, पण काच स्वच्छ असते, कारण तिच्यामागं कोणीतरी माणूस असतो. माझ्या काचेवरच्या प्रत्येक पिवळ्या हातानं दाजींच्या रोजच्या कामावरच बोळा फिरवला होता.

बहात्तरचा गुणाकार

मग सेवेतल्या विमानाच्या काचेवर वेदरिंग करायचंच नाही का? करायचं. पण पुसून जे जात नाही तेवढंच. दाजींनी एकेक खुणा सांगितल्या. काच आणि धातूची चौकट यांच्यामध्ये भरलेला मसाला उन्हानं पिवळसर, तपकिरी होतो. चौकटीच्या खालच्या कडेचा रंग उडतो. नंतरच्या मिग-२१ ची कॅनॉपी उजवीकडे उघडते आणि शिडी डावीकडे लागते, म्हणून डाव्या कडेला हातांची, बुटांची, शिडीच्या आकड्यांची झीज जास्त. चौकटीच्या कोपऱ्यात, जिथं कापड पोचत नाही, तिथं धुळीची बारीक रेघ. काचेच्या मधोमध काही नाही.

आणि एक हिशेब मी चित्रकलेचा मास्तर असूनही केला नव्हता. माप १/७२. माणसाचा केस जेमतेम ०.०७ मिलिमीटर जाड. प्रतिकृतीच्या काचेवर केसाएवढा ओरखडा काढला तर खऱ्या विमानावर तो पाच मिलिमीटर रुंद चर होतो. खडूच्या पुडीचा कण ०.१ मिलिमीटरचा धरला तरी तो खऱ्या काचेवर सात मिलिमीटरचा खडा. असं विमान कोण वर नेऊ देईल? म्हणजे खरे ओरखडे या मापात दिसणारच नाहीत. फार तर काच एखाद्या कोनात किंचित मऊ चमकेल, एवढंच.

अक्काचा नातू सातवीत आहे. त्याला हे सगळं ऐकून इतका उत्साह आला की काच परत करायचं त्यानंच जाहीर करून टाकलं. नशिबानं मी कॅनॉपी पांढऱ्या गोंदानं बसवली होती. हा शहाणपणा आधीच्या एका फजितीतून आलेला. पहिल्या विमानाला मी झटपट चिकटणारा गोंद वापरला होता. त्याची वाफ काचेच्या आत कोंडली आणि रात्रीत सगळी कॅनॉपी पांढरीफटक झाली, जणू आत कोणी अंगारा उधळलाय. पांढरा गोंद पाण्यानं सुटतो. ओल्या बोळ्यानं कडा भिजवत ठेवल्या आणि तासाभरात कॅनॉपी हातात आली.

मग अंगणात चटई टाकून आम्ही तिघं बसलो. वार्निश आणि पिवळा हात उतरवायला थिनर घेतलं नाही, कारण त्यानं हे प्लॅस्टिकही तडकतं. घरातली पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन हलक्या हातानं घासत गेलो, धुतलं, परत घासलं. दाजी बोटानं चाचपून सांगायचे, "अजून." आणि मग एकदा, "साकु."

डोक्यावरून एक छोटं विमान गेलं. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेली धावपट्टी आहे. आता तिथं वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं आणि शिकाऊ मुलांची विमानं या भागावर घिरट्या घालत असतात. नातवानं मान वर केली. दाजींना ते दिसलं नाही, पण आवाजाकडे तोंड करून म्हणाले, "याची काच सकाळी कोणीतरी पुसली असेल."

घरी करून पाहायचं असेल तर

सुट्टीत मुलांबरोबर हा उद्योग करणाऱ्या घरांसाठी, आम्ही केलं ते असं.

काच चौकटीपासून सुटी दिसावी म्हणून पारदर्शक भागावर मास्किंग टेप लावायची आणि चौकट रंगवायची. आधी आतल्या बाजूचा रंग, मिग-२१ ला निळसर हिरवा, आणि त्यावर बाहेरचा. म्हणजे काचेतून पाहिलं की चौकटीची आतली बाजूही बरोबर रंगाची दिसते.

काचेला फरशीच्या पारदर्शक ॲक्रिलिक पॉलिशमध्ये बुडवून काढलं की बारीक ओरखडे भरून येतात. मग भांडं उपडं घालून वाळू द्यायचं, नाहीतर धूळ बसते. विमान जोडणारी मंडळी ही युक्ती फार वर्षं वापरत आली आहेत.

मसाल्याची पिवळसर रेघ सगळ्यात बारीक ब्रशनं, पाण्यात विरघळणाऱ्या रंगानं ओढायची. चुकली तर ओल्या काडीनं पुसता येते. धूळ म्हणून खडूची पूड फक्त चौकटीच्या कोपऱ्यात, कापसाच्या काडीनं. टाकायची कमी आणि पुसायची जास्त.

काही विमानांना वेगळा न्याय. मालवाहू विमानं आणि मोठी हेलिकॉप्टरं यांना वायपर असतात. तिथं आपल्या एस.टी.च्या काचेसारखा स्वच्छ अर्धगोल आणि बाहेर धुळीचा पट्टा शोभतो. आणि मुद्दाम चबुतऱ्यावरचं विमान करायचं असेल तर खुशाल काच धुरकट करा. पण आधी ठरवा की हे विमान कोणाच्या ताब्यात आहे, माणसाच्या की उन्हाच्या. बेंगळुरूला गेलात तर एच.ए.एल.च्या संग्रहालयात मुलांना घेऊन जरूर जा, आणि तिथल्या विमानांच्या काचा या नजरेनं बघा.

दाजींनी बीदरला ज्या विमानाची काच पुसली ते किरण. त्याच्या आराखड्यामागे कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. वि. मा. घाटगे होते. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकानं १९९६ मध्ये बीदरला सुरुवात केली ती याच विमानांवर. आपल्या सीमाभागातल्या कितीतरी मुलांनी ती कसरत शेतात उभं राहून पाहिली असेल. काचा कोण पुसतं हे आम्ही कधी विचारलं नाही.

डोळ्यातली काच

आता राहिली गोष्ट दाजींच्या डोळ्यांची. कानडीत मोतीबिंदूला 'कण्णिन पोरे' म्हणतात. पोरे म्हणजे पातळ पापुद्रा, सापाची कातही पोरेच. अक्का दोन वर्षं मागं लागली होती, शस्त्रक्रिया करून घ्या. दाजी ऐकेनात. भीती शस्त्रक्रियेची नव्हती. "डोळ्यात परकी वस्तू घालणार. शरीर ती ठेवून घेईल कशावरून?" एवढाच त्यांचा हेका.

विमानांच्या काचांबद्दल वाचताना मला एक हकीकत सापडली होती. निघायच्या आदल्या रात्री ती मी त्यांना सांगितली.

१९४० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश हवाई दलाचा गॉर्डन क्लीव्हर नावाचा वैमानिक हरिकेन विमानात असताना गोळ्यांनी कॅनॉपी फुटली आणि तिचे तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत हॅरॉल्ड रिडली हे नेत्रतज्ज्ञ होते. त्यांच्या लक्षात आलं की साध्या काचेचा तुकडा डोळ्यात राहिला तर डोळा सुजतो, बिघडतो. पण पर्स्पेक्सचे तुकडे वर्षानुवर्षं आत राहूनही डोळा शांत राहतो. शरीरानं त्यांना परकं मानलं नाही. पुढं मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायचा विचार पक्का झाला, तेव्हा रिडली यांनी तेच प्लॅस्टिक निवडलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिलं भिंग बसवलं. त्या काळी डॉक्टरांनीच त्यांना बराच विरोध केला. आज जगभर ही शस्त्रक्रिया होते. आता बहुतेक भिंगं घडी घालता येणाऱ्या मऊ प्लॅस्टिकची असतात, पण त्या सगळ्याचं मूळ विमानाच्या फुटलेल्या काचेत आहे.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं. "पर्स्पेक्स?"

"पर्स्पेक्स."

"मग पुसावं कसं?"

अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. मी सांगितलं, ते डोळ्याच्या आत असतं, पुसावं लागत नाही. हे त्यांना फारसं पटलेलं दिसलं नाही.

मी निपाणीला परतलो. थंडीत एक दिवस अक्काचा फोन आला. गोंदियात एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. माझ्या हकीकतीमुळे तयार झाले की नातवानं हट्ट धरला म्हणून, की चिन्नौर तांदळातले खडे दिसेनात म्हणून अक्कानं निवडणं त्यांच्याकडून काढून घेतलं म्हणून, कोण जाणे. त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पट्टी निघून डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले, तेव्हा त्यांनी स्वतःच व्हिडिओ कॉल लावला. एका हातात विमान, मागं खिडकीचा उजेड. भिंग नव्हतं. विमान त्यांनी वर धरलं, तिरकं केलं, फिरवलं. मी इकडं परीक्षेला बसल्यासारखा.

"आतून बोटाचा ठसा आहे," ते म्हणाले. "डाव्या बाजूला. तुझाच आहे."

कॅनॉपी परत बसवताना राहिला असणार. मला तो कधी दिसला नव्हता. मी म्हटलं, "दाजी, पुढच्या खेपेला येतो तेव्हा काढून पुसतो."

त्यांनी पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिलं.

"राहू दे," म्हणाले. "साकु."